अल्पसा आजार

सगुणाबाई गेल्याचं मला वर्तमानपत्रात कळलं. नाशिकहून एसटीनं जव्हारला पोचेपर्यंत अंक शिळाच झालेला असतो, त्यात मी दुकान उघडून, बाटल्यांवरची धूळ झटकून, पहिली दोन गिऱ्हाइकं वाटेला लावून मग तो हातात घेतो. आतल्या पानावर अगदी खाली चार ओळी होत्या. सेवाभावी परिचारिका सगुणाबाई यांचे नगर मुक्कामी अल्पशा आजाराने निधन झाले, त्यांच्या मागे एक भाऊ आहे, वगैरे. वाचून डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आला तो संताप. अल्पशा आजाराने! ज्या बाईनं वीस वर्षं ओटीपोटातली कळ दाबून दुसऱ्यांच्या कळा निवारल्या, तिचा आजार अल्पसा? मेलेल्या प्रत्येकाला हे दोन शब्द लावायची आपल्याकडे पद्धत आहे, हे मला कळतं. माझ्या आजोबांनाही लावले होते, ते तर सात महिने अंथरुणाला खिळले होते. पण सगुणाबाईंना ते लावले गेले तेव्हा माझ्या हातून अंक चुरगळला, आणि समोरचं गिऱ्हाईक खोकल्याचं औषध न घेताच मागे सरकलं.

पुढच्या आठवड्यात इथल्या जुन्या मंडळींनी शोकसभा घेतली. एका वक्त्यानं बाईंना आदिवासी भगिनींची माउली केलं, दुसऱ्यानं त्यांनी किती अडलेल्या बाळंतिणी सोडवल्या ते सांगितलं. सगळं खरं होतं. पण त्या आयुष्यभर ज्या आजाराशी भांडल्या, त्याचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. समोर बायका बसल्या होत्या ना! जणू हे नाव ऐकून बायका विटाळणार होत्या, आणि तो आजार मात्र त्यांच्या अंगात मुकाट्यानं राहिला तर चालणार होता. मीही त्या सभेत गप्पच बसलो, हे कबूल करतो. म्हणून आता लिहितो. परमा आणि गरमी, गुप्तरोग म्हणून आपण झाकून ठेवतो ते दोन. आणि त्या दोहोंपायी बायकांच्या गर्भाशयाला, ओटीपोटाला येणारी सूज, अंगावरून जाणं, मुलं न होणं, झाली तर मेलेली होणं. संपादकांना हे शब्द खटकले तर त्यांनी लेख परत पाठवावा, शब्द बदलू नयेत. राग ओसरला की लिहू, असं पाच आठवडे म्हणत होतो. तो ओसरत नाही, म्हणून आहे तसाच लिहायला बसलो.

मी जव्हार संस्थानच्या नोकरीत कंपाउंडर म्हणून लागलो, तेव्हा सगुणाबाई दोन वर्षं आधीपासून तिथं होत्या. जव्हार-मोखाड्याच्या वाटेवरचा लहानसा दवाखाना. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या हकिकतीतली माणसं अजून नोकरीत आहेत. बाई नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेल्या, उंच, हडकुळ्या, चष्म्याची तुटलेली दांडी दोऱ्यानं बांधलेली. नवऱ्याचं आडनाव त्या लावत नसत, आणि का लावत नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. चालताना कुणी बघत नाही असं वाटलं की एक हात कमरेशी दाबून धरत. मला पहिल्याच दिवशी त्यांनी ऐकवलं, “अहो कंपाउंडर, मिक्श्चर हलवताय की ताक घुसळताय?” मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, जव्हारच्या शेतकरी घरातला पहिला सरकारी नोकर. बाईमाणसाकडून असं ऐकून घ्यायची सवय नव्हती. ती बाईंनी लावली.

त्यांची रोगी तपासायची एक रीत होती, ती मी पुढे कुठल्याच डॉक्टरात पाहिली नाही. पाड्यावरची बाई दवाखान्यात आली की कधी खरं दुखणं सांगत नाही. डोकं दुखतं म्हणेल, ताप येतो म्हणेल, अंगात बळ नाही म्हणेल. सगुणाबाई काय होतंय हे विचारायच्याच नाहीत. त्या विचारायच्या, “पाणी कुठून आणतेस?” खालच्या ओहोळावरून, असं उत्तर यायचं. “मग वर येईपर्यंत हंडा किती वेळा खाली ठेवतेस?” एकदा म्हणाली तर डोकेदुखीची पुडी मिळायची. तीन वेळा, चार वेळा म्हणाली की बाई उठायच्या, मधला कांबळ्याचा पडदा ओढायच्या आणि मला म्हणायच्या, “कंपाउंडर, पाठ फिरवा.” चढावर हंडा घेऊन जी चार वेळा थांबते, तिच्या ओटीपोटात सूज आहे, हे त्यांना रक्त न तपासता कळायचं. पडद्यामागून मग हळूहळू खरं यायचं... अंगावरून पांढरं जातं, वास येतो, लघवीला आग होते, नवरा जवळ आला की जीव जातो. हे सांगायला त्या बायकांना कित्येक वर्षांत कुणी जागाच दिली नव्हती.

आधीचे डॉक्टर अशा प्रत्येक बाईपुढे रजिस्टरात ‘कमजोरी’ लिहीत आणि लाल मिक्श्चरची बाटली देत. बाटली नवरा घेऊन जायचा आणि पुष्कळदा वाटेत स्वतःच पिऊन टाकायचा, कारण कमजोरी त्यालाही वाटत होती. मीही सवयीनं तेच लिहीत होतो. बाईंनी एकदा रजिस्टर माझ्यापुढे ओढलं. “कमजोरी कुणाला नाही? तुम्हालाही आहे. खरं काय ते लिहा.” मी म्हटलं, “बाई, असले शब्द बायकांच्या नावापुढे कसे लिहायचे?” तर म्हणाल्या, “नवऱ्याच्या नावापुढे लिहायला लाज वाटत नाही ना? मग त्याचं नाव आधी लिहा, तिचं त्याच्या खाली.” तेव्हापासून आमच्या रजिस्टरात जोड्यानं नावं येऊ लागली. बाईंचा तो नियमच होता, सुई द्यायची तर दोघांना. एकट्या बाईला बरं करून घरी पाठवलं, तर महिन्याभरात ती तोच आजार घेऊन परत येणार.

हा आजार यायचा कुठून, हे त्या उघड बोलत. जंगलाच्या कुपावर, म्हणजे तोडीला दिलेल्या पट्ट्यात, झाडं तोडायला माणसं जायची, कोळशाच्या भट्ट्यांवर जायची, खाली समुद्राकडे मिठागरांवर जायची. ठेकेदारांची, मुकादमांची, ट्रकवाल्यांची सोबत तिथं होती, आणि तिथल्या बायांवर मुकादमांचा हक्क चालायचा तो वेगळाच. पावसाच्या आधी माणसं घरी परतायची ती मीठमिरची आणि आजार घेऊन. मिठागरावरून आलेल्या एका गड्याला बाईंनी माझ्यासमोर विचारलं होतं, “बायकोला काय आणलंस?” तो म्हणाला, बांगड्या. “आणखी काय आणलंस ते तिला मी सांगू, की तू सांगतोस?” गडी उठून गेला, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. सगळेच असे शहाणे नसत. कित्येकजण बाईंना शिव्या देऊन गेले, आणि त्यांच्या बायका हंडा घेऊन चढावर थांबत राहिल्या.

मग संस्थानाचं विलीनीकरण झालं. महाराजांचा दवाखाना मुंबई सरकारचा झाला, आम्हीही त्याच्याबरोबर सामावले गेलो. माझं कायम होणं अडकून पडलं, बाईंच्या सर्टिफिकिटांवर पत्रव्यवहार सुरू झाला. पण नवं काही चांगलंही आलं. पेनिसिलीन आलं. त्या कुप्या पहिल्यांदा हातात घेतल्या तेव्हा बाईंचा चेहरा मी पाहिलाय. पाण्याच्या रांजणामागे, थंडाव्याला, त्यांनी त्या स्वतः मांडून ठेवल्या, आणि म्हणाल्या, “आता बघा.” त्याच पेटाऱ्यातून छापील रजिस्टरं आली. संस्थानच्या रजिस्टरात नाव, गाव, दुखणं एवढंच असायचं. नव्यात पुष्कळ रकाने होते आणि त्यातला एक होता, विवाहित, अविवाहित की विधवा.

नवे डॉक्टर शहरातून आले होते. माणूस वाईट नव्हता. तापाच्या रोग्यापाशी रात्र काढायचा, गरिबाला हिडीसफिडीस करायचा नाही. पण छापील रकान्यावर त्याची श्रद्धा होती. प्रत्येक बाईला तो विचारायचा, लग्न झालंय का? आणि वारली जमातीतली बाई, कडेवर एक आणि हाताला एक पोर असताना, सरळ सांगायची, “नाय.” त्यांच्यात लग्न हा मोठा सोहळा असतो. भात पिकलं, घरात नवं धान्य आलं, गाव जेवू घालता आलं, मग धवलेरी बोलवायची. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, तिच्या गाण्यांशिवाय आणि भिंतीवर तांदळाच्या पिठानं लिहिलेल्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. तोवर दोघं घर करून राहतात, शेत करतात, मुलं होतात, आणि कुणी त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. काहींचं लग्न पोरांच्या लग्नाच्या मांडवात लागतं. हे सगळं मला ठाऊक होतं. लहानपणापासून त्या मांडवात जेवलो होतो. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. त्यांचा ‘अविवाहित’चा रकाना भरून वाहायला लागला आणि त्यांनी वर अहवाल पाठवला, की या लोकांत स्वैराचार फार आहे, आजाराचं कारण तेच आहे. याहून खरं बोलणारी माणसं मी पाहिलेली नाहीत, आणि त्यांच्या खरेपणाचं सरकारी कागदावर हे झालं. पाठोपाठ हुकूम निघाला. कुप्या थोड्या आहेत, तेव्हा ज्यांचं लग्न झालंय अशा जोडप्यांनाच इंजेक्शनं द्यायची. बाकीच्यांवर ती वाया जातील.

जेठी आली ती भाताची आवणी उरकल्यावर, श्रावणात. चिखलानं पाय सडलेले, पोट सातव्या महिन्याचं. तिनं हंडा पाच वेळा सांगितला. पडद्यामागून तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “तीन झालीं बाय. तीनही निजलेलीच आलीं.” मेलेली म्हणायला तिची जीभ वळत नव्हती. बाई बाहेर आल्या, त्यांनी हात धुतले, आणि मला म्हणाल्या, “गरमी आहे. दहा दिवस रोज सुई पडली तर चौथं वाचेल.” दुसऱ्या दिवशी जेठीचा माणूस लाडक्या स्वतःहून आला. न बोलावता, डोकं पुसत, लाजत. म्हणाला, “बाय, मनापायी व्हत आसंल तं मनाही सुई मार.” आपल्यापायी असेल म्हणून स्वतःलाही सुई मागणारा पुरुष मी त्या दवाखान्यात पहिल्यांदाच पाहिला. बाईंनी दोघांना डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी विचारलं, लग्न झालंय? लाडक्या म्हणाला, “नाय साहेब. भात झाला का लागंल. दोन वरसां पिकलाच नाय.” डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

त्या संध्याकाळी बाई मला घेऊन पाड्यावर गेल्या. चढावर तीनदा थांबल्या, आणि मी वळून पाहिलं की चष्मा पुसायचं नाटक करत. धवलेरी म्हातारी होती, दारात सूप घेऊन बसलेली. बाईंनी तिला विचारलं, लग्न आत्ता लावता येईल का? साधं, दोन माणसांपुढे? म्हातारीनं सूप खाली ठेवलं. “लगीन देवाचा असतं बाय. त्याला नवा भात लागतो. आता शेतात चिखल हाये, मी काय चिखलाचा चौक लिहू?” मग तिनं विचारलं, हे कशासाठी? बाईंनी सगळं सांगितलं. म्हातारी आधी हसली, आणि मग तिला राग आला. “रोगाला लगीन लागतं का? तो तं लगीन न लावताच आला.” दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत स्वतः दवाखान्यात आली, ओसरीवर उभी राहिली आणि डॉक्टरांना म्हणाली, ही दोघं नवराबायको आहेत, मी सांगते. डॉक्टरांनी नम्रपणे विचारलं, काही कागद आहे का? “कागद मीच,” म्हातारी म्हणाली. मला हसू आलं होतं. त्या हसण्याची आज शरम वाटते.

गणपतीला डॉक्टर गावी गेले. ते ज्या सकाळी निघाले, त्याच सकाळी सगुणाबाईंनी रजिस्टर उघडलं आणि जेठी व लाडक्या यांच्या नावापुढे स्वतःच्या हातानं ‘विवाहित’ लिहिलं. मी म्हटलं, “बाई, हे अंगाशी येईल.” त्या म्हणाल्या, “अंगाशी येऊ दे. पाणी उकळलं का?” चार दिवस दोघं आली. जेठी सुई टोचताना दात खाऊन बसायची, आणि लाडक्या, एवढा झाडं तोडणारा गडी, डोळे मिटून घ्यायचा. बाई त्याची थट्टा करायच्या. चौथ्या दिवशी जेठी हसली, आणि तिच्या डाव्या गालावर खळी पडते हे मला कळलं. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर लवकर परतले. त्यांनी कुप्या मोजल्या, रजिस्टर पाहिलं, कपाटाला कुलूप लावलं. दोघांना दारातूनच परत पाठवलं. मोठ्या आवाजात ते काही बोलले नाहीत, फक्त वर लिहून कळवलं.

चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले, तेव्हा जेठीला आठवा सरत आला होता. मी आज शांतपणे विचार करतो तेव्हा वाटतं, ते साहेब समजूतदार होते. त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं, बाईंचं ऐकलं, आणि म्हणाले, तुम्ही दोघंही बाहेरचे. मग माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही इथलेच ना? यांच्यात अशा बाईला बायको मानतात का? मानत असतील तर नोंद खोटी ठरत नाही, आणि इंजेक्शनं पुढे चालू ठेवायला माझी हरकत नाही.” एवढं सोपं होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं, आणि ते खरं होतं. पण ‘इथलेच ना’ हा शब्द मला झोंबला. कडक इस्त्रीचा सदरा घालून, नव्या सरकारचा नोकर म्हणून मी उभा होतो, आणि मला डॉक्टरांच्या बाजूचं दिसायचं होतं, ओसरीवरच्या काठीवाल्या म्हातारीच्या बाजूचं नव्हे. माझं कायम व्हायचं होतं हेही डोक्यात होतं, पण तो बहाणा मी पुढे करणार नाही. मी म्हणालो, “नाही साहेब, लग्न झालेलं नाही.” त्यांनी पुन्हा विचारलं, चालीरीतीनं? मी म्हणालो, “आमच्यात असं चालत नाही.” त्यांनी ‘आमच्यात’ विचारलंच नव्हतं.

साहेबांनी कागदावर लिहून घेतलं. मग बाईंना विचारलं, मग तुम्ही हे का लिहिलंत? सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या, एक हात कमरेशी. “साहेब, मी विवाहित होते. पाद्र्यांनी लावलेलं लग्न, रजिस्टरावर सह्या, दोन साक्षीदार. त्याच लग्नाच्या नवऱ्यानं मला हा आजार दिला, आणि मूल होत नाही म्हणून घराबाहेरही त्यानंच काढलं. त्याच्याकडे कागद होता. या पोरीकडे कागद नाही, पण हिचा माणूस सुई घ्यायला आपल्या पायानं आलाय.” डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. साहेबही अवघडले, पण माझी साक्ष लिहून झाली होती. बाईंची बदली झाली, लांब घाटावर, आणि नोकरीच्या पुस्तकात खोट्या नोंदीचा शेरा आला. जाताना त्या मला रागानं काही बोलल्या नाहीत. एसटीत बसताना म्हणाल्या, “पाणी नीट उकळत जा.” बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

जेठीचं चौथंही निजलेलंच आलं. मुलगा होता. मला ते लाडक्यानं येऊन सांगितलं, रागावून नव्हे, कळवायचं म्हणून. पाड्यावर कुणीतरी भगताला बोलवा म्हणालं होतं, ही पोरं खाते म्हणालं होतं. पण धवलेरीनं दारात बसून त्या माणसाला असं झोडपलं, की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. आपण शिकलेली माणसं पाड्यावरच्या अज्ञानावर व्याख्यानं देतो. त्या वर्षी जेठीला तिच्या पाड्यानं सांभाळलं, आणि तिचं मूल आम्ही मारलं, शाईनं, सुंदर अक्षरात. मी हे आज पहिल्यांदा लिहितोय.

त्या वर्षी भात मात्र चांगलं आलं. माघात लग्न लागलं. तिसऱ्या दिवशी अंगाची हळद न धुता दोघं दवाखान्यात आली. डॉक्टरांनी विचारलं, लग्न झालंय? “झालाय,” लाडक्या म्हणाला. डॉक्टर खूश झाले. माझ्याकडे पाहून म्हणाले, बघा, समजावून सांगितलं की ही माणसं सुधारतात. मी ‘विवाहित’ लिहिलं आणि दहा दिवस दोघांना सुया मारल्या. शेवटच्या दिवशी जेठी माझ्या टेबलाशी थांबली. “बाय कुठं?” मी म्हटलं, बदली झाली. लांब घाटावर. ती दाराच्या चौकटीपर्यंत गेली आणि वळली. मग म्हणाली, “भेटली तं सांग तिला. लगीन लागला म्हनावं. सुई पडली म्हनावं.” पोराबद्दल ती काही बोलली नाही. पुढल्या वर्षाअखेर तिला मुलगी झाली, आणि ती राहिली. आता पाचेक वर्षांची असेल. बाजारच्या दिवशी आईचं बोट धरून दुकानावरून जाते.

जेठीच्या लग्नानंतर दोन वर्षांनी मी नोकरी सोडली आणि हे दुकान टाकलं. गेल्या वर्षी संस्थानच्या नोकरीचा एक दाखला हवा म्हणून सगुणाबाई जव्हारला आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुकानासमोरच्या बाकावर बसल्या, घाम पुसला. चेहरा पिवळा पडला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “जेठीचं काय झालं हो? सहा सुया राहिल्या होत्या तिच्या. मूल राहिलं का?”

मला निरोप ठाऊक होता. शब्दन् शब्द ठाऊक होता. लगीन लागलं, सुई पडली, मुलगी आहे, आत्ता बाजारात असेल, हाक मारू का... हे सगळं सांगता आलं असतं. पण तिथवर जायचं तर आधी त्या मुलावरून जावं लागलं असतं, आणि मुलावरून जायचं तर माझ्या साक्षीवरून. साहेबांपुढे जो मोठा खरं बोलायला उभा राहिला होता, तो मी बाईंपुढे म्हणालो, “काही ठाऊक नाही बाई. ती माणसं मग पुन्हा दिसलीच नाहीत.”

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, “दिसली नाहीत म्हणजे बरी असतील.” मी पाण्याचा पेला पुढे केला. त्या प्यायल्या आणि दुपारच्या एसटीनं गेल्या.